घर वर्ल्ड बँकेनं दिलं का?

मानखुर्दला प्रकल्पग्रस्तांच्या इमारतीत वाढलेल्या आणि आता अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका तरुणानं विचारलं आहे: "लहानपणापासून ऐकतोय की आम्हाला खोली वर्ल्ड बँकेनं दिली. वर्गात शिकवतात की जागतिक बँक, आशियाई विकास बँक (एडीबी) या संस्था विकसनशील देशांना 'सहाय्य' करतात. हे सहाय्य म्हणजे मदत की कर्ज? या बँकांकडे पैसा येतो कुठून, तो आपल्यापर्यंत पोचतो कसा, आणि काही बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा? आमच्या इमारतीची लिफ्ट वर्षभर बंद आहे आणि वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून शेवटचा प्रश्न जरा घरचाच आहे."

मी सत्तावीस वर्षं बाह्यसहाय्यित, म्हणजे अशा बँकांच्या कर्जावरच्या, प्रकल्पांत काढली. सुरुवात हिशेबाच्या टेबलावर झाली, नंतरची बरीच वर्षं पुनर्वसनात गेली. तुमचा घरचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पण त्याचं उत्तर कळायला आधीचं सगळं कळावं लागतं, म्हणून थोडा धीर धरा.

आधी खोलीचं बोलू. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे आपण ज्याला एमयूटीपी म्हणतो तो, जागतिक बँकेनं २००२ साली मंजूर केला. त्यात ४६ कोटी ३० लाख डॉलरचं साधं कर्ज होतं आणि ७ कोटी ९० लाख डॉलरचं सवलतीचं. साधं कर्ज लोकलच्या रुळांसाठी, डब्यांसाठी, रस्त्यांसाठी. सवलतीचं पुनर्वसनासाठी. सवलत म्हणजे व्याज नाही, पाऊण टक्का सेवाशुल्क, आणि फेडायला पस्तीस वर्षं. पण फेडायचंच. दान यातलं काहीच नव्हतं.

खोल्यांपैकी बऱ्याचशा तर टीडीआरवर, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्कांवर, उभ्या राहिल्या. विकासकानं जमीन आणि बांधलेल्या २२५ चौरस फुटांच्या खोल्या एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, फुकट द्यायच्या, बदल्यात त्याला चटईक्षेत्राचे, म्हणजे जादा बांधकामाचे, हक्क मिळायचे आणि ते तो उपनगरात दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. म्हणजे तुमच्या वडिलांच्या खोलीची किंमत बऱ्याच अंशी या शहरानंच चुकती केली. कुठेतरी एखादी इमारत चार मजले जास्त चढली, त्या वाढीव मजल्यांत तुमच्या खोलीची किंमत आहे.

मग वर्ल्ड बँकेचं यात काय? अनधिकृत झोपडीतल्या माणसालाही हटवण्याआधी पर्यायी घर मिळालंच पाहिजे, हा नियम. बँकेच्या पुनर्वसन धोरणात तो होता आणि तो पाळल्याशिवाय कर्ज मिळत नव्हतं. त्यासाठी माजी मुख्य सचिव द. म. सुखटणकर यांच्या अध्यक्षतेखाली १९९५ साली कार्यगट बसला आणि त्यातून राज्याचं एमयूटीपी पुनर्वसन धोरण तयार झालं. तेव्हा वडिलांना सांगा: खोली महाराष्ट्र शासनानं दिली. ती दिल्याशिवाय रूळ टाकता येणार नाहीत, ही अट बँकेची होती. हा फरक जपून ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पैसा येतो कुठून. पाठ्यपुस्तकात हे फार अवघड करून सांगतात. तुमच्या ओळखीत कोणी गिरणीत, बेस्टमध्ये किंवा महापालिकेत नोकरीला असेल तर त्यांना त्यांच्या पतपेढीबद्दल विचारा. सभासद भाग घेतात, भागभांडवल जमतं, सभासदालाच कर्ज मिळतं आणि शिल्लक राहिलेला नफा राखीव निधीत जातो. जागतिक बँक अशीच चालते, फक्त सभासद देश आहेत. १९४४ साली ब्रेटन वुड्सला तिची स्थापना ठरली, १९४७ साली पहिलं कर्ज फ्रान्सला गेलं आणि १९४९ साली भारताला पहिलं कर्ज मिळालं, तेही रेल्वेसाठी. त्याच नमुन्यावर १९६६ साली मनिलात आशियाई विकास बँक म्हणजे एडीबी उभी राहिली. शांघायची, ब्रिक्स देशांनी काढलेली न्यू डेव्हलपमेंट बँक २०१५ ची आणि बीजिंगची एआयआयबी, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक, २०१६ ची.

पतपेढीत आणि हिच्यात एक मोठा फरक आहे. सभासद देश आपल्या भागाची सगळी रक्कम भरत नाहीत. न्यू डेव्हलपमेंट बँकेचं उदाहरण हिशेबाला सोपं आहे. पाच संस्थापक देशांनी प्रत्येकी १००० कोटी डॉलरचे भाग घेतले. त्यातले रोख भरायचे फक्त २०० कोटी. उरलेले ८०० कोटी म्हणजे 'बँक अडचणीत आली तर देऊ' असं लिहून दिलेलं. त्याला मागणीयोग्य भांडवल म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक सभासद जामीनदारही आहे. जागतिक बँकेच्या आजवरच्या इतिहासात ही हमी एकदाही वसूल करावी लागलेली नाही.

या हमीच्या जोरावर बँक बाजारात रोखे विकते. जगभरचे पेन्शन फंड, विमा कंपन्या, मध्यवर्ती बँका ते घेतात, कारण जागतिक बँकेच्या रोख्यांना १९५९ पासून सर्वोच्च, म्हणजे ट्रिपल ए दर्जा आहे. स्वस्तात उचललेला हा पैसा थोडं वर ठेवून सभासद देशांना कर्जाऊ दिला जातो. श्रीमंत देशांच्या करदात्यांच्या खिशातून आलेला पैसा यात फार थोडा असतो. आपल्याला मिळते ती मुख्यतः बँकेची पत. भारतानं किंवा बांगलादेशानं एकट्यानं बाजारात जाऊन उचललं तर जे व्याज पडेल, त्यापेक्षा कमी व्याजात बँक उचलू शकते, आणि त्या फरकाचा बराचसा फायदा आपल्याकडे येतो.

ही पत टिकते त्याला आणखी एक कारण आहे. देश बुडीत निघाला तरी या बँकांचे हप्ते सहसा चुकवत नाही. २०२२ साली श्रीलंकेनं परदेशी कर्जाची फेड थांबवली, तेव्हाही बहुपक्षीय, म्हणजे अशा अनेक देशांच्या मालकीच्या, बँकांचे हप्ते त्यातून वगळले होते. पुढचं कर्ज कोणाकडून मिळणार आहे हे प्रत्येक अर्थमंत्र्याला ठाऊक असतं.

सर्वांत गरीब देशांसाठी जागतिक बँकेचा वेगळा विभाग आहे, आयडीए, १९६० पासून. तिथे खरोखर श्रीमंत देश वर्गणी घालतात, दर तीन वर्षांनी. डिसेंबर २०२४ मध्ये सोलला जी वर्गणी ठरली ती २३७० कोटी डॉलरची होती. बाजारातून उचललेला पैसा आणि जुन्या कर्जांची परतफेड मिळवून तिचे १०,००० कोटी डॉलर होतील असा त्यांचा हिशेब आहे. भारत एके काळी या खिडकीवरचा मोठा ग्राहक होता. २०१४ साली आपण त्या यादीतून बाहेर पडलो, आपलं दरडोई उत्पन्न वाढलं म्हणून. तुमच्या वर्गातला 'सहाय्य' हा शब्द बहुधा त्या काळातला उरलेला आहे. आज महाराष्ट्राला मिळतं ते बाजाराशी जोडलेल्या व्याजाचं कर्ज.

ते किती स्वस्त पडतं हे पाहा, कारण बैठकांमध्ये हा हिशेब मी फार क्वचित मांडलेला पाहिला. व्याज अमेरिकेच्या सोफर या दरावर, म्हणजे तिथल्या एका रात्रीच्या कर्जाच्या बाजारभावावर, थोडं वर असतं. हा दर २०२३ मध्ये ५ टक्क्यांच्या पुढे गेला होता. कर्ज डॉलरमध्ये, फेडही डॉलरमध्ये. २००२ साली एक डॉलर साधारण ४९ रुपयांना होता, २०२४ च्या अखेरीस ८४ च्या पुढे. म्हणजे सरासरी वर्षाला अडीच टक्के रुपया घसरला. दोन्हींची बेरीज करा, साडेसात-आठ टक्क्यांच्याही वर जाते. त्याच २०२३ मध्ये राज्य सरकारं आपले रोखे साडेसात टक्क्यांच्या आसपास विकत होती. अमेरिकेत व्याज खाली असतं तेव्हा हे कर्ज नक्कीच स्वस्त पडतं. वर असतं तेव्हा फारसा फरक उरत नाही. फायदा मुदतीचा: पंधरा-वीस वर्षं, काही वेळा त्याहून जास्त. मेट्रोसारख्या कामाला अशी मुदत लागतेच.

विनिमय दराचा हा बोजा कोणाच्या डोक्यावर, हेही बदललं आहे. पूर्वी परदेशी कर्ज केंद्र घ्यायचं आणि राज्याला ७० टक्के कर्ज, ३० टक्के अनुदान अशा रूपात द्यायचं. डॉलरचा चढउतार केंद्र सोसायचं. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासून, बहुतेक राज्यांना कर्ज जसंच्या तसं, ज्या अटींवर आलं त्याच अटींवर पुढे दिलं जातं. तेव्हापासून रुपया घसरला की त्याची झळ मंत्रालयाला बसते. शिवाय न वापरलेल्या रकमेवर जागतिक बँक वर्षाला पाव टक्का वचनशुल्क घ्यायची. १० कोटी डॉलर एक वर्ष पडून राहिले तर अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर, काहीही न बांधता द्यावे लागायचे. जमीन ताब्यात नसताना कर्जावर सही करण्याची घाई झाली की मला या दोन कोटींची आठवण येते.

पैसा पोचतो कसा, तर उलट्या दिशेनं. लोकांना वाटतं वॉशिंग्टनहून चेक येतो आणि मग काम सुरू होतं. प्रत्यक्षात राज्य आधी आपल्या अर्थसंकल्पातून खर्च करतं, बिलं भरतं. मग प्रकल्प कार्यालय तिमाही आर्थिक अहवाल बनवतं, तो दिल्लीला अर्थ मंत्रालयातल्या सहाय्य लेखा नियंत्रकांकडे जातो, तिथून बँकेकडे. बँक तपासते आणि ठरलेला हिस्सा देते. डॉलर रिझर्व्ह बँकेकडे जमा होतात, रुपये केंद्राच्या खात्यावर, आणि तिथून राज्याला. यात महिने जातात. राज्याच्या तिजोरीत खडखडाट असेल तर बाहेर कोट्यवधी डॉलर मंजूर असूनही काम थांबतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हिशेबाच्या टेबलावरची एक गोष्ट सांगते. एका ग्रामीण प्रकल्पात मी नवीन होते. अठरा लाखांचं एक काम एका तालुका कार्यालयानं सहा-सहा लाखांच्या तीन तुकड्यांत काढलं होतं, म्हणजे मोठी निविदा काढायला नको. तिन्ही फायलींत तीन-तीन दरपत्रकं व्यवस्थित लावलेली. काम चांगलं झालं होतं, मी स्वतः जाऊन पाहिलं होतं. बँकेच्या तपासनीस बाई आल्या, तिन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला दरपत्रकांची अक्षरं बघायला लावली. नऊ दरपत्रकं, अक्षर एकाच माणसाचं, 'वीट' हा शब्द नऊही ठिकाणी ऱ्हस्व काढलेला. पूर्ण अठरा लाख अपात्र ठरले. पैसा बँकेला परत गेला आणि काम राज्याच्या खर्चात पडलं. त्या दिवशी मला कळलं की या बँका काम कसं झालं यापेक्षा ते कोणत्या वाटेनं झालं हे जास्त बारकाईनं बघतात. तेव्हा ते जाचक वाटलं होतं. पुढे पुनर्वसनात गेल्यावर त्या वाटेची किंमत पटली.

आता कारभार. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. बँक प्रकल्प चालवत नाही. निविदा आपण काढतो, ठेकेदार आपण नेमतो, जमीन आपण घेतो, सर्वेक्षण आपण करतो. बँक सही करण्याआधी प्रकल्प तपासते आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी तिचं 'मिशन' येतं. पाच-सहा माणसं, दहा-बारा दिवस. एक हिशेबाचा, एक खरेदीचा, एक पर्यावरणाचा, एक पुनर्वसनाचा. आठ दिवस आधीपासून कार्यालयात झोप नसते. जाताना ते 'एड मेमॉयर' नावाचं टिपण ठेवून जातात: काय झालं, काय अडलं, कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं. मोठ्या कंत्राटांना त्यांचं 'नो ऑब्जेक्शन' लागतं. आमच्या कार्यालयात दिवसभर तोच शब्द ऐकू यायचा, "एनओ आलं का?" ते आलं नाही तर तुम्ही काम करू शकता, पण बँकेच्या पैशातून नाही. बँकेची ताकद एवढीच आहे. मोठी आहे, पण एवढीच.

कोणत्या गोष्टीला पैसा द्यायचा हेही बँक निवडते. मेट्रो २ए, २बी आणि ७ साठी एडीबीनं २०१९ साली ९२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. तो सहा-सहा डब्यांच्या ६३ गाड्या, सिग्नल आणि सुरक्षा यंत्रणा यांसाठी. गाड्या बेंगळुरूच्या बीईएमएलनं बनवल्या. हे मुद्दाम सांगते, कारण 'कर्ज त्यांचं म्हणजे मालही त्यांचाच' असं सरसकट बोललं जातं. बहुपक्षीय बँकांत स्पर्धात्मक निविदा होते, कोणा एका देशाची कंपनी घेण्याची अट नसते. बुलेट ट्रेनचं कर्ज जपान सरकारच्या जायकाचं आहे, म्हणजे एका देशानं दुसऱ्या देशाला दिलेलं. व्याज ०.१ टक्के, मुदत पन्नास वर्षं आणि तंत्रज्ञान जपानी. वर्तमानपत्रात दोन्हींना 'परदेशी अर्थसहाय्य' म्हणतात, पण जात वेगळी आहे. मेट्रो ३ लाही जायकाचंच कर्ज आहे. कोस्टल रोड मात्र महापालिकेनं स्वतःच्या पैशातून बांधला.

मुंबई या कर्जांवर किती उभी आहे हे तुमच्या पिढीला माहीत नसतं. ट्रॉम्बेच्या वीज केंद्राला १९५४ साली जागतिक बँकेचं कर्ज मिळालं. आयसीआयसीआय १९५५ साली तिच्याच पुढाकारानं सुरू झाली. भातसाचं पाणी, भांडुपचं जलशुद्धीकरण, वरळी-वांद्र्याचे समुद्रात खोल गेलेले मलवाहिनीचे बोगदे, चारकोप-गोराईचे छोटे भूखंड, सगळीकडे हा पैसा आहे. चारकोपचं मला विशेष वाटतं. १९८५ च्या त्या प्रकल्पात लोकांना तयार घर न देता आखलेला भूखंड, रस्ता, नळ आणि गटार दिलं. घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे चढवलं. आज तिथल्या चाळीस वर्षांच्या वस्तीत फिरून या आणि मग आपल्या सात मजली इमारतींत परत या. माझं मत असं की चारकोपची वाट सोडून आपण चूक केली. बँकेनंही तेव्हा पुरेसा आग्रह धरला नाही.

या बँकांत निर्णय होतात तेव्हा मताचं वजन कुणाचं किती, हे तुमच्या परीक्षेला उपयोगी पडेल. जागतिक बँकेत अमेरिकेची मतं १५ टक्क्यांच्या वर आहेत. बँकेची घटना बदलायला ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे एकटी अमेरिका बदल रोखू शकते. अध्यक्ष आजवर अमेरिकेनंच सुचवलेला झाला आहे. आताचे अजय बंगा खडकीत जन्मले, पण तेही अमेरिकेचे नागरिक. एडीबीचा अध्यक्ष कायम जपानी. एआयआयबीत चीन पहिला, भारत दुसरा. न्यू डेव्हलपमेंट बँकेत पाचही संस्थापक बरोबरीचे. जागतिक बँकेच्या संचालक मंडळात आपल्या खुर्चीवर बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकाही आहेत. २०२३ मध्ये जी-२० चं यजमानपद आपल्याकडे असताना अर्थतज्ज्ञ एन. के. सिंह आणि लॅरी समर्स यांच्या गटानं या बँकांनी कर्जपुरवठा खूप वाढवावा असं सुचवलं. त्याच सुमारास जागतिक बँकेनं शंभर डॉलर कर्जामागे राखायच्या स्वतःच्या भांडवलाचं किमान प्रमाण २० वरून १९ आणि मग १८ वर आणलं, म्हणजे तेवढ्याच भांडवलावर जास्त कर्ज देता येईल.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते.

१९८५ साली जागतिक बँकेनं सरदार सरोवराला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. नंदुरबारकडच्या मणिबेलीसारख्या गावांतले लोक बुडीताला विरोध करत राहिले. आंदोलनाचा रेटा एवढा वाढला की बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिनं १९९२ साली सांगितलं की पुनर्वसन आणि पर्यावरणाबाबत बँकेनं स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेनं इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं: बँकेनं आपले नियम मोडले अशी तक्रार बाधित माणसं थेट करू शकतात अशी जागा. बँकेच्या प्रकल्पाची झळ बसलेल्या, कोणत्याही देशातल्या माणसांना तो दरवाजा उघडा झाला आणि तो उघडायला लावण्यात सातपुड्यातल्या आदिवासींचा मोठा वाटा आहे. हे आपल्या शाळेत शिकवायला हवं.

त्या दरवाज्यावर मुंबईनं २००४ साली थाप मारली. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता यांच्या कडेचे दुकानदार आणि रहिवासी यांनी एमयूटीपीविरुद्ध तक्रारी केल्या. धोरणात दुकानालाही मोफत जागा २२५ चौरस फूटच होती. ज्याचं दुकान हजार फुटांचं, त्यानं काय करायचं? पॅनेलनं डिसेंबर २००५ च्या अहवालात म्हटलं की बाधितांची संख्या कमी धरली गेली, दुकानदारांचा आणि लोकांच्या मिळकतीचा विचार नीट झाला नाही, आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा पुरेशी स्वतंत्र नव्हती. १ मार्च २००६ ला बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा थांबवला. जूनअखेर काही सुधारणांनंतर पुन्हा सुरू केला. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता २०१४ मध्ये खुला झाला.

अशा गोष्टी कशा घडतात, ते जवळून सांगते. दुसऱ्या एका रस्त्याच्या कामात मी सर्वेक्षणाच्या चमूबरोबर फिरत होते. चमू सकाळी अकराला वस्तीत यायचा. त्या वेळी बायका घरकामाला गेलेल्या, पुरुष नाक्यावर. दाराला कुलूप दिसलं की कागदावर 'बंद' लिहून पुढे. तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही अकराच्याच. मग यादी बंद झाली. एका दारावर आकडा रंगवला होता, शेजारच्या दारावर नव्हता. ज्या दारावर नव्हता तिथली ताई सहा महिन्यांनी कार्यालयात आली. पिशवीत एकोणीस वर्षांची लाइटची बिलं, दोऱ्यानं बांधलेली. ती पात्र ठरायला दोन वर्षं लागली. सर्वेक्षण संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी करायचं, एवढा एक नियम आम्ही पुढच्या प्रकल्पात लेखी घालून घेतला. बँकेच्या पुनर्वसन अधिकाऱ्यानं तो एड मेमॉयरमध्ये टाकला, तेव्हा कुठे पाळला गेला.

म्हणून मी म्हणते की या कर्जातली सर्वांत मोलाची गोष्ट व्याजदर नव्हे. राज्याच्या स्वतःच्या पैशातल्या कामात ती ताई कुठे गेली असती? कोर्टात, आणि तिथे वकील परवडला नसता. बँकेच्या प्रकल्पात निदान एक लिहिलेला नियम असतो, तो सगळ्यांना वाचता येतो आणि तो मोडला तर पैसा थांबू शकतो. गुजरातमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी तर आयएफसीला, म्हणजे खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या जागतिक बँक गटातल्या संस्थेला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. २०१९ साली त्या न्यायालयानं सांगितलं की अशा संस्थेला खटल्यापासून सरसकट संरक्षण नाही. खालच्या कोर्टात तो खटला पुढे टिकला नाही, पण तेवढा निकाल राहिला.

आता तुमची लिफ्ट. एमयूटीपीच्या मूळ कर्जाचं काम केव्हाच आटोपलं. पॅनेलकडे तक्रार कर्ज बंद झाल्यावर फार तर पंधरा महिन्यांपर्यंत करता येते, त्यामुळे तो रस्ता संपला. तुमचा रस्ता इथलाच आहे. सोसायटी नोंदली गेली आहे का ते पाहा. पुनर्वसनाच्या वेळी प्रत्येक घरामागे देखभालीसाठी निधी ठेवायचा असतो, त्याच्या व्याजातून सामाईक खर्च भागवायचा. तो निधी तुमच्या सोसायटीच्या नावे किती, कुठे ठेवला आणि व्याज कोणाच्या खात्यात जातं, एवढे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्ज वडिलांच्या नावानं करा आणि वाटपपत्राची प्रत जोडा. मी पाहिलेल्या इमारतींत लिफ्ट बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा यंत्रात नसायचं. सामाईक वीजबिल थकलेलं असायचं आणि त्या निधीचं सोसायटीला माहीतच नसायचं.

आणि एक, मानखुर्दपुरतं. मेट्रो २बीचा मार्ग मंडाळेपर्यंत आहे आणि तो एडीबीच्या कर्जाच्या प्रकल्पात आहे. तुमच्या आसपास त्याच्या कामामुळे कोणाचं घर, दुकान, भिंत किंवा रस्ता बाधित झाला असेल तर एडीबीची तक्रार यंत्रणा अजून उपयोगाची असू शकते. तिथे कर्ज बंद होण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत तक्रार घेतली जाते. तक्रारदार निदान दोन हवेत. मात्र आधी प्रकल्प कार्यालयाकडे आणि एडीबीच्या संबंधित विभागाकडे दाद मागितल्याचं दाखवावं लागतं. त्यामुळे पहिलं पत्र प्रकल्प कार्यालयातच द्या, साध्या मराठीत, काय झालं आणि कोणत्या तारखेला एवढंच लिहून. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का आणि तारीख नीट वाचता येते का ते तिथेच, टेबलासमोर उभं राहून तपासा.